सव्वा मिनिटाचा राजूर घाट

मी अर्जनवीस माणूस. बुलढाण्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली छत्तीस वर्षं बसलो. बांधाचे, वाटणीचे, सासरच्या जाचाचे किती अर्ज लिहिले त्याला गणती नाही, आणि त्यातला प्रत्येक खरा होता असं मी म्हणणार नाही. पण आता सांगतो ते शपथेवर. कारण गावातली चार शहाणी मंडळी सांगत फिरतात की कय्यूम घड्याळवाल्यानं मातीचे बैल चालवले ते जादूनं. कशाची जादू घेऊन बसलात? त्या जादूत माझे अडीच महिने गेले, मान आखडली, आणि ढगांकडे बघून बघून डोळ्यांची पार वाट लागली. जादू म्हणणाऱ्याला एकदा त्या टेबलापाशी बसवायला पाहिजे होतं.

माझ्या बैठकीसमोर रस्ता ओलांडला की कय्यूमचं दुकान. दुकान म्हणजे घराची पडवीच. बारीक अंगाचा माणूस, डोळ्याला भिंग, आणि हात इतका स्थिर की चिमट्यात धरलेला काटा कधी थरथरलेला मी पाहिला नाही. बोलायचा कमी. त्याचे वडील जहांगीरचाचा त्याहून कमी. दोघांच्या वाटचं सगळं त्याची आई सुगराबी बोलून घ्यायची, त्यामुळे घरात शांतता अशी कधी नसायची.

बुलढाण्याला तेव्हाही रेल्वे नव्हती, आताही नाही. मलकापूरला गाडीतून उतरायचं आणि दमणीत बसायचं. दमणी म्हणजे उतारूंची छपराची बैलगाडी. जहांगीरचाचांनी तीस वर्षं ती हाकली. त्यांची शेवटची जोडी बादल आणि चांद्या. बादल करड्या रंगाचा, चांद्याच्या कपाळावर पांढरी कोर. राजूर घाट लागला की चाचा उतारूंना खाली उतरवायचे. वकील असो, तहसीलदार असो, एकच सांगणं, "बैलायले चढाव हाय, तुमाले पाय हायत." आणि लोक मुकाट उतरायचे. घाटातल्या झऱ्याच्या वळणावर बैलांना पाणी पाजल्याशिवाय दमणी पुढे हलायची नाही.

मग मोटार आली. दमणीत बसायला दिवसभर कोण तयार होणार? दोन वर्षं चाचांनी तग धरला आणि शेवटी जोडी रोहिणखेडच्या एका शेतकऱ्याला दिली. विक्रीचा कागद मीच लिहिला. चाचांचा अंगठा मी स्वतः शाईत बुडवून कागदावर टेकवला. त्या अंगठ्यावर कासऱ्यानं कापल्याचा एक तिरपा वण आहे. कागदावर तो पांढऱ्या रेघेसारखा उमटला होता. इतके अंगठे घेतले मी, पण तो विसरलो नाही, कारण अंगठा टेकवून झाल्यावर चाचा म्हणाले, "झालं?" आणि उठून गेले.

त्या दिवसापासून बैल हा विषय त्या घरात बंद. नमाज वेळेवर, जेवण वेळेवर, कुणावर राग नाही. फक्त अंगणातल्या रिकाम्या गव्हाणीकडे पाठ करून बसायचे. कय्यूमवरची जुनी अढी होतीच. पोरगा चौदाव्या वर्षी कासरा सोडून घड्याळं शिकायला गेला, ते त्यांना लागलं होतं. "काटे फिरवते," एवढंच मुलाच्या धंद्याबद्दल त्यांचं मत. एकदा कय्यूम मला म्हणाला, "उकंडराव, अब्बाच्या तोंडून एकडाव बादल-चांद्याचं नाव निंघावं. नुसतं नाव. मंग मले काही नाही पाह्यजे." मी म्हटलं, चहा घे.

तेव्हा आम्ही मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. नागपूरहून साहेब यायचे, दोन-तीन वर्षं राहायचे, बदली झाली की सामानाचा लिलाव करून जायचे. अशा एका लिलावातून कय्यूमनं एक पेटी आणली. आत फितीचा, म्हणजे सिनेमाचा, छोटा कॅमेरा, हातानं फिरवायचं चित्रं दाखवायचं यंत्र आणि कोऱ्या फितीचे दोन डबे. कॅमेरा बंद पडलेला होता, म्हणून तर कुणी घेतला नाही. कय्यूमनं तो घड्याळासारखा उघडला, पुसला, तेल दिलं आणि चौथ्या दिवशी मला हाक मारली. "पाहा. हे दांडी एक फेरा फिरवली का आत एकच तसबीर निंघते. फेरा फिरवला, थांबलो. फेरा फिरवला, थांबलो."

"मग?" मी म्हटलं. मला अर्ज लिहायचे होते.

"मंग काय. मधात थांबलो तवा बैलाचा पाय जरासा पुढं सरकवाचा. अशा सोळा तसबिरी भरभर पळवल्या का एक सेकंद होते. अन् बैल चालते."

"कोणता बैल?"

"मातीचा," तो म्हणाला, आणि मला कळलं की याच्या डोक्यात राजूर घाट शिरला आहे.

बैल केले गीताबाई कुंभारणीनं. पोळ्याला घरोघर मातीचे बैल तीच देते. तिला वाटलं, नेहमीसारखी जोडी हवी. कय्यूमनं सांगितलं, पाय हलले पाहिजेत. ती म्हणाली, "पाय हलनारे बैल पाह्यजे तं गोठ्यात जाय ना बापा." शेवटी धड तिनं मातीचं केलं, वर मेणाचा हात दिला, आणि पायांचं काम कय्यूमकडे आलं. हुशारी करून त्यानं गजराच्या घड्याळाची स्प्रिंग घातली. पहिलाच पाय उचलून सोडला तर बैलानं अशी लाथ झाडली की कय्यूमनं लाकडाची केलेली इवलीशी दमणी उडून माझ्या मांडीवर. गीताबाई हसून हसून बसलीच खाली. मग तांब्याची तार आली. तांब्याला जसं वाकवावं तसं ते राहतं. वर कापूस, कापसावर मेण. बादल करडा, चांद्याच्या कपाळावर चुन्याची कोर. मागच्या खोलीत खिडकीपाशी दोन दारांच्या फळ्या जोडून घाट उभा केला, वर बारदान आणि लाल माती. वळणावर झऱ्याच्या जागी आरशाचा तुकडा.

पहिला डबा शिकण्यात गेला. फीत धुवायला टपालानं मुंबईला जायची. ती परत आली, भिंतीवर लावली, आणि बघतो तर बैल शेळीसारखे टणाटण उड्या मारताहेत. कय्यूमनं पुढचे दोन्ही पाय एकदम सरकवले होते. नेमके त्याच वेळी जहांगीरचाचा दारातून चालले होते. भिंतीकडे बघितलं, खाकरले आणि निघून गेले. कय्यूमचे कान लाल झाले. मी म्हटलं, "अरे, तीस वर्षं बैलांचे पाय बघितलेला माणूस तुझ्याच घरात आहे. विचार की." तर म्हणाला, "विचारलं तं मंग काय मजा?" आणि दोन रविवार बैलबाजारात उकिडवा बसून दुसऱ्यांच्या बैलांचे पाय बघत राहिला. असा हट्टी. बाप तसाच.

दुसरा डबा म्हणजे शेवटचा डबा. दुसरी मोठी लढाई सुरू होऊन वर्ष होत आलं होतं, विलायती फीत मुंबईतसुद्धा मिळेना. त्या डब्यात बाराशे तसबिरी, म्हणजे सव्वा मिनिट. चुकायची सोय नाही. बादलचा पाय एका वेळी ज्वारीच्या दाण्याएवढा सरकायचा, दमणी अर्ध्या दाण्याएवढी. मापाला खराच दाणा ठेवला होता. खिडकीतलं ऊन अकरा ते एक एवढंच कामाचं, आणि वरून श्रावण. ऊन पडलंय तोवर तसबीर घ्यायची, ढग आला की हात वर. एक उन्हातली आणि एक ढगातली झाली तर भिंतीवर उजेड लुकलुकतो. हे ऊन बघायचं काम माझ्याकडे. "उकंडराव, हाय का?" "हाय." "आता?" "थांब बे." शिवाय प्रत्येक फेऱ्याची खूण बिघडलेल्या अर्जाच्या पाठीवर करायची. एकदा चांद्याच्या शिंगावर माशी बसली, कुणाच्या ध्यानात आलं नाही. अकरा तसबिरींत ती माशी आहे. तो माझा दोष म्हणतात. माझं लक्ष ढगाकडे होतं, माशीकडे नव्हतं.

सहाशे दहा तसबिरी झाल्या तेव्हा दमणी बरोबर झऱ्याच्या वळणावर आली होती. आणि पोळा आला. कय्यूमला दोन दिवस मोताळ्याला मोठं घड्याळ बसवायला जावं लागलं. जाताना मला बजावलं, सुगराबीला बजावलं, खोलीला बाहेरून कडी घातली. टेबलाला केससुद्धा लागता कामा नये. लागला तर पुढच्या तसबिरीत बैल दचकल्यासारखा दिसतो.

परत आला तो सरळ खोलीत गेला. मी मागोमाग. आणि बघतो तर सगळा सत्यानाश. बैल दमणीतून सोडलेले. जू काढून बाजूला नीट ठेवलेलं. शिंगांना लाल हिंगूळ, पाठीवर निळ्या कापडाच्या इवल्याशा झुली. खांद्यांवर हळद-तुपाचा हात फिरवलेला, इतका की मेण मऊ होऊन खाली ओघळलं होतं. समोर वाटीच्या झाकणात पुरणपोळीचा तुकडा आणि त्याच्यापर्यंत मुंग्यांची रांग. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात, त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी सजवतात, खाऊ घालतात, आणि त्या दिवशी जू म्हणून लावत नाहीत. कुणीतरी हे सगळं, एकही गोष्ट न चुकवता, मातीच्या बैलांना केलं होतं.

कय्यूम स्टुलावर बसला. "गेलं," म्हणाला. "आता काही नाही होत." त्याचा आवाज ऐकून मला खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझं डोकं फिरतं. मी तडक गीताबाईला बोलावून आणलं. सणावाराला असला आगाऊपणा तीच करणार, माझी खात्री होती. वाटेत तिच्याविरुद्धच्या अर्जाचा मायना जुळवूनसुद्धा झाला होता. ती आली, कंबरेवर हात ठेवून बघितलं आणि मलाच म्हणाली, "मी बैल घडवते. सजवाचं काम ज्याचे बैल त्याचं. मले काऊन बोलून राह्यले तुमी?"

"मग हे केलं कुणी?"

"बैलालेच पुसा," ती म्हणाली. "नाई तं हा हात पाहा कोनाचा हाय तं. दाबून दाबून खांदा मळला त्याचा."

मी कय्यूमचं भिंग डोळ्याला लावलं आणि वाकलो. चांद्याच्या खांद्यावर मेणात एक अंगठा उमटला होता. चांगला स्पष्ट, कागदावरसुद्धा इतका स्वच्छ कधी मिळत नाही. आणि त्याच्यामधून एक तिरपी रेघ गेलेली.

मी भिंग कय्यूमला दिलं. त्यानं बघितलं. मग ती निळी झूल चिमट्यानं उचलून बघितली. ती जहांगीरचाचांच्या जुन्या साफ्याची होती, दमणीवर बसताना बांधायचे त्या. तेवढ्यात आतून सुगराबीचा आवाज आला, तुपाची वाटी कुणी संपवली म्हणून ती भिंतींना विचारत होती. कय्यूम हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. गीताबाईनं पदर तोंडाला लावला. मी बाहेर जाऊन ऊन बघितलं. ढग होता.

"काही पुसू नका," कय्यूम म्हणाला. "हिंगूळ नका पुसू, झूल नका काढू. अब्बाले काही विचारूबी नका. हे असंच राहीन." त्या दिवशी त्यानं बैलांना जुंपलं नाही. वळणावर सोडलेले, सजलेले, आरशातलं पाणी पिताना त्यांच्या साठ तसबिरी घेतल्या. दुसऱ्या दिवशी जू लावलं आणि झुलीसकट घाट चढायला घेतला.

उरलेल्या तसबिरी दसऱ्यानंतर संपल्या. फीत मुंबईला गेली, परत यायला दोन महिने लागले. दाखवायला कापसाचं एक रिकामं गोदाम मिळालं. खिडक्यांना बारदान लावून भर दुपारी अंधार केला. पडदा म्हणजे माझं नवं धोतर, त्याला खिळे मारले, त्याबद्दल माझ्या घरी जे झालं ते इथं सांगत नाही. यंत्राच्या दिव्याला बॅटरी पाहिजे होती. ती फारुख ड्रायव्हरनं मोटारीतून काढून आणून दिली. हो, त्याच मोटारीतून, जिनं दमणी बंद पाडली. फारुख म्हणाला, "चाचाले नका सांगू." पण सुगराबीला कळलं होतं, म्हणजे चाचांनाही कळलं होतं. सकाळी तिनं विचारलं, येता का बघायला? चाचा चपला घालून बाहेर निघून गेले.

गोदामात पन्नासेक माणसं. चाचा नव्हते. कय्यूमनं तीनदा दाराकडे बघितलं. मी म्हटलं, सुरू कर, लोक खोकायला लागलेत. तेव्हा दार किलकिलं झालं, उन्हाची एक पट्टी आत आली, आणि चाचा आत येऊन दाराशीच उभे राहिले. कय्यूमनं दांडी धरली. मी माझा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. मग त्यानं फिरवायला सुरुवात केली.

माझ्या धोतरावर राजूर घाट उभा राहिला. खालून दमणी आली. बादलनं पाय टाकला, चांद्यानं टाकला, मान खाली घालून दोघं चढायला लागले. माती आहे, मेण आहे, तार आहे, हे सगळं मला पाठ होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. वळणावर दमणी थांबली. आणि एका क्षणात बैल सुटे, शिंगं रंगलेली, पाठीवर झुली, पाणी पिताहेत. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पोळा हाय." आणि साऱ्या गोदामात हसू पसरलं, टिंगलीचं नव्हे, आपल्या घरचं कुणी दिसल्यावर येतं तसं. बैल पुन्हा जुंपले गेले, झुली मिरवत घाट चढले, दमणी माथ्यावर पोचली. फीत संपली. धोतर पांढरं झालं.

लोक चाचांकडे बघायला लागले. चाचा पडद्याकडेच बघत होते. घरात बापलेक उर्दूत बोलायचे. पण बैलांशी चाचा सारा जन्म वऱ्हाडीत बोलले आणि तेव्हाही वऱ्हाडीतच बोलले. "वळनावर डावीकडं चांद्या वढते," ते म्हणाले. "तूनं बादलले वढवलं."

कय्यूम दांडी धरून तसाच उभा. चाचांनी दाराला हात घातला आणि म्हणाले, "अन् वर नेऊन सोडून देल्लं त्यायले. आता बादल-चांद्याले खाली कोन आनन? बैल सांजच्याले घरी लागतात." एवढं बोलून गेले. गीताबाई कय्यूमच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःच रडत होती. मी खिळे काढायला घेतले.

दुसऱ्या दिवशी अकराला मी बैठकीवर टेकतो न टेकतो तोच समोरून हाक आली. "उकंडराव, ऊन पाहा." जहांगीरचाचांची हाक. आत जाऊन बघतो तर दमणी माथ्यावर उलटी फिरवलेली, तोंड उताराकडे, आणि चाचा स्टुलावर बसलेले. मुठीत ज्वारी. कय्यूमनं मला दारामागे ओढलं. "फीत नाही ना," तो कानात म्हणाला. "मुंबईहून नाही म्हनून कागद आला. अब्बाले कसं सांगू?" मी म्हटलं, सांगू नको. दांडी फिरव.

खरा घाट चढला की घर येतं, पण आमच्या फळ्या माथ्यावरच संपत होत्या, घराकडे यायचं तर उतरणंच होतं. तसं आम्ही घाट उतरलो. थंडीचं स्वच्छ ऊन होतं, ढगाची भानगड नव्हती. चाचा पाय सरकवायचे, आणि काय सरकवायचे. उतारावर बैल मागच्या पायावर कसा बसत येतो, जू मानेवर कसं पुढे येतं, सगळं बोटांत होतं. "हो बादल, हो," असं पुटपुटायचे. मध्येच कय्यूमला सांगायचे, असा धर, असा नाही, आणि कय्यूम तसा धरायचा. रिकामा कॅमेरा एकेक फेरा फिरायचा. मी खुणा करायचो. छत्तीस वर्षांत खोटं पुष्कळ लिहिलं, पण हे सगळ्यांत जड गेलं.

संक्रांत होऊन गेली होती. दमणी खाली आली, चाचांनी बैल सोडले, जू काढून बाजूला ठेवलं. कय्यूमला राहवलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "अब्बा, यात फीत नव्हती. एकबी तसबीर नाही आली."

चाचा बैलांच्या खांद्यावरची धूळ पुसत होते. "माहीत हाय," ते म्हणाले. "पयल्याच दिवशी समजलं. फीत असते तवा आतून सरसर आवाज येते. नव्हता येत."

"मंग इतके दिवस काऊन...?"

"काऊन म्हंजे?" चाचांनी त्याच्याकडे बघितलं. "बैल घरी आनाचे होते ना बे." मग बादलला एका हातात आणि चांद्याला दुसऱ्या हातात घेऊन ते अंगणात गेले, आणि दोघांना गव्हाणीत ठेवून तिच्याकडे तोंड करून बसले.